गुटी बांधली पण मुळं येईनात? बेळगाव-खानापूरच्या पावसात गुटी कलम, दाब कलम आणि मुनवे कसे करायचे

मिरग लागला की आपल्याकडे परड्यात पेरूला, लिंबूला, डाळिंबाला पिशव्या लटकायला लागतात आणि श्रावण अर्धा झाला की तक्रार सुरू, "काय ओ, दोन महिने झाले की गुटी बांधून, अजून मुळं येईनात!" गुटी म्हणजे झाडावरच्याच फांदीची सालीची बांगडी (कडं) काढायची, तिथं भिजवलेलं मॉस, म्हणजे नर्सरीत मिळणारं शेवाळ, पिशवीत बांधायचं आणि मुळं फुटली की फांदी तोडून रोप म्हणून लावायची. पिशवी सोडून बघितलं तर आत एकतर साल परत जुळून आलेली असते, नाहीतर मॉस कुजून काळं झालेलं असतं. ह्या दोन चुका पुन्हा पुन्हा होतात, बाकीच्या किरकोळ.

होतं काय की आपण व्हिडिओ बघून करतो आणि ते व्हिडिओ बहुतेक कमी पावसाच्या भागातले असतात. तिथं मॉस सुकू नये म्हणून सगळी धडपड, मग सिरिंजने पाणी घाला, पिशवी दोन्हीकडून गच्च आवळा असं सांगतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबी, किंवा बेळगावच्या पश्चिमेला उचगाव, बेळगुंदी, राकसकोप ह्या भागात पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, इथं तसं केलं तर गुटी कुजणारच. उलट अथणी, रायबाग, सौंदत्तीकडं पाऊस कमी आणि ऊन जास्त, तिथं ते व्हिडिओ बऱ्यापैकी लागू पडतात. एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हा, म्हणून जिथं फरक पडतो तिथं दोन्ही सांगितलंय, तुमचं गाव कुठल्या बाजूला पडतं ते बघून करा.

सुरू करायच्या आधी: कुठल्या झाडाला काय

पेरू, लिंबू, डाळिंब, अंजीर, बोगनवेल, एक्झोरा, क्रोटन, रबर प्लांट ह्यांना गुटी चांगली लागते. चिकूलाही लागते पण चार-पाच महिने घेते, त्यामुळे चिकूत घाई असेल तर नर्सरीतून खिरणीवर बांधलेलं कलम आणलेलं बरं. मोगरा, जाई, जुई, मधुमालती ह्यांच्या फांद्या खाली वाकतात, त्यांना गुटीचा व्याप कशाला, दाब कलम करा, म्हणजे फांदी वाकवून मातीत दाबायची. जास्वंद तर नुसत्या छाटाने येते. कढीपत्ता, केळी, शेवंती ह्यांना बुडातून पिल्लं फुटतात (केळीच्या पिल्लांना मुनवे, शेवंतीच्या पिल्लांना काश्या म्हणतात), तीच काढायची.

आंब्याला गुटी बांधू नका. मुळं फुटली तरी झाड नीट धरत नाही, आंब्याला कोय कलम आणि काजूला मृदू काष्ठ कलम हेच बरोबर. नारळ, सुपारीला तर सालीचं कडं काढण्यासारखी साल नसतेच, तिथं गुटीचा विचारच सोडा.

अजून एक, गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं. वाऱ्याच्या तोंडावर, माळावर लावणार असाल तर पहिली दोन वर्षं काठीचा आधार द्यायची तयारी ठेवा.

मूळ झाड कुठलं घ्यायचं

ज्या झाडाचं फळ तुम्ही स्वतः दोन-तीन हंगाम खाल्लंय तेच झाड घ्या. गुटीचं रोप म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, गोडी, बियांचं प्रमाण सगळं जसंच्या तसं येतं, आणि रोगही येतो! ही गोष्ट लोक विसरतात. डाळिंबावर तेल्याचे डाग असतील, लिंबूच्या पानांवर फळांवर खैऱ्याचे खरबरीत फोड असतील, पेरूची एखादी बाजू मर रोगाने वाळत चालली असेल तर त्या झाडाची एक फांदीसुद्धा घेऊ नका, हिरवी दिसणारी पण नको. अथणीकडं डाळिंबाच्या बागा असलेल्यांनी तर हे फार कडक पाळायला पाहिजे, कारण तेल्या रोपातून आणि कात्रीतून दोन्हीकडून पसरतो.

जवारी (गावठी) पेरू असला, सरदार जातीचा असला, काय फरक पडत नाही, दोन्हीची गुटी येते. घरचं झाड नसेल आणि खात्रीचं मातृवृक्ष पाहिजे असेल तर अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा.

कधी बांधायची

कर्नाटकी बेंदूर ते महाराष्ट्र बेंदूर, म्हणजे ज्येष्ठ पुनवेपासून आषाढ पुनवेपर्यंत, हा महिना आपल्याकडे सगळ्यात चांगला. हवेत दमटपणा असतो, झाडात रस चढलेला असतो, साल पटकन सुटते. वळवाच्या एका पावसावर भुलून मे महिन्यात बांधू नका, मध्ये परत ऊन पडतं आणि मॉस वाळतं. तरणा पाऊस (पुनर्वसू नक्षत्राचा) चालू असताना सुद्धा बांधता येते पण उघडीप बघून, भर पावसात पावडर लावली की ती वाहून जाते. म्हाताऱ्या पावसानंतर (पुष्य नक्षत्राच्या) बांधली तर मुळं यायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो आणि रोप पिशवीत स्थिर व्हायच्या आत थंडी आणि कोरडी हवा सुरू होते, मग मरतुक वाढते.

तपासा: ज्या फांदीला बांधणार तिच्यावर नखाने साल थोडी उचकटून बघा. साल लाकडापासून सहज सुटली तर वेळ बरोबर आहे. चिकटून फाटत असेल तर आठ दिवस थांबा.

सामान

धारदार चाकू किंवा नवीन ब्लेड, कात्री, स्पिरिट किंवा डेटॉल आणि कापूस, रूटिंग हार्मोन पावडर (खताच्या दुकानात छोट्या डबीत मिळते, आयबीए हे मुळं फोडणारं द्रव्य असलेली घ्या, वेगवेगळ्या तीन नंबरांच्या डब्या असतील तर कठीण लाकडासाठीची मागा), मॉस, पारदर्शक प्लॅस्टिकचे साधारण ८ बाय १० इंचाचे तुकडे, नायलॉनची दोरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, वायरमनची काळी टेप आणि जुने पेपर. सुतळी आणू नका, पावसात कुजून तुटते.

दुधाच्या पिशव्या धुऊन वापरतात लोक, नंदिनीची म्हणा गोकुळची म्हणा, चालतं, पण त्या पांढऱ्या असतात, आतली मुळं दिसत नाहीत आणि मग उत्सुकतेपोटी दर आठ दिवसांनी सोडून बघायचा मोह होतो. पारदर्शकच घ्या.

मॉस नर्सरीतून विकत घ्या. जंगलातून झाडाच्या खोडावरचं शेवाळ खरवडून आणू नका, खानापूरकडं भीमगड अभयारण्य आहे, तिथून काही काढणं बेकायदा आहे आणि ते शेवाळ तितकं पाणी धरतही नाही. मॉस मिळालं नाही तर कोकोपीट चालेल, मात्र आधी दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्या, त्यात मीठ असतं. नुसती माती नको. आपल्याकडची पश्चिमेची तांबडी माती वाळली की दगड होते, आणि पूर्वेची काळी माती पाण्याने फुगते, वाळली की भेगा पडतात, दोन्हीत कोवळी मुळं तुटतात.

गुटी कलम: पायऱ्या

पायरी १. फांदी निवडा

पेन्सिलीएवढी जाड, एक-दीड वर्षाची, सरळ वर जाणारी आणि ऊन मिळणारी फांदी घ्या. हिरवटपणा जाऊन करडा-तपकिरी रंग यायला लागलेला असावा. आतली सावलीतली लांबसडक हिरवी फांदी घेऊ नका, दिसायला जोमदार पण तिच्यात साठा नसतो. अंगठ्यापेक्षा जाड फांदीला मुळं यायला वेळ लागतो आणि नंतर पिशवीतलं रोप वर जड खाली हलकं होतं.

फांदीवर फुलं-फळं असतील तर काढून टाका, जीव कितीही तुटला तरी. एकाच झाडाला हौसेने वीस-पंचवीस गुट्या बांधू नका, झाड दमतं, आणि एका बाजूच्या सगळ्या फांद्या तर मुळीच घेऊ नका.

पायरी २. कडं काढा

शेंड्यापासून साधारण दीड फूट खाली, एका पेराच्या लगेच खाली जागा धरा. वर-खाली चार बोटं पानं काढून टाका. चाकू आणि हात स्पिरिटने पुसा. पेराच्या खाली गोल काप घ्या, चाकू लाकडाला टेकला की थांबायचं, आत घुसवायचा नाही. त्याच्या खाली एक इंचावर दुसरा गोल काप. दोन्ही काप जोडणारी एक उभी चीर, आणि साल बांगडीसारखी सोडवून घ्या.

हे का करतो ते एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका होत नाहीत. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली येतं, मुळांचं पाणी मात्र लाकडातून वर जातं. साल काढली की पाणी चालूच राहतं, फांदी हिरवी राहते, पण खाली येणारं अन्न कड्याच्या वरच्या काठावर अडून बसतं आणि मुळं तिथंच फुटतात. वरच्या काठाला! खालच्या काठाला काहीही होणार नाही.

पायरी ३. खरवडा, इथं घाई नको

साल निघाल्यावर लाकडावर एक ओला बुळबुळीत थर राहतो. पातळ असतो, डोळ्याला नीट दिसतही नाही. हा थर राहिला की तो नवीन साल तयार करतो, पंधरा-वीस दिवसांत कडं भरून येतं, अन्नाची वाट परत मोकळी आणि मुळं काही येत नाहीत. आपल्याकडं गुटी फसण्याचं एक नंबरचं कारण हेच.

चाकूच्या उलट्या बाजूने पूर्ण गोल फिरून हलक्या हाताने खरवडा, फांदीची मागची बाजू हमखास सुटते तिकडं बघा. मग स्वच्छ फडक्याने पुसा.

तपासा: बोट फिरवा. कुठंही बुळबुळीत लागलं तर परत खरवडा. लाकूड कोरडं, किंचित खरखरीत लागलं पाहिजे. खात्री नसेल तर ऊन असताना अर्धा दिवस तसंच उघडं ठेवा, उरलासुरला थर वाळून जातो.

अंजीर, चिकू, रबर प्लांट ह्यांना चीक येतो. ओल्या फडक्याने पुसत राहा, चीक थांबल्याशिवाय पुढं जाऊ नका, चिकावर पावडर लावली तर ती नुसती थापी होऊन बसते.

सावधान: लाकडात खोल चीर गेली असेल तर ती फांदी वाऱ्यात मोडते किंवा वाळते. तिथं गुटी बांधून उपयोग नाही, दुसरी फांदी घ्या.

पायरी ४. पावडर

डबीतली थोडी पावडर झाकणात काढा, डबीत बोट किंवा ब्रश बुडवू नका, ओल गेली की सगळी डबी वाया. ब्रशने कड्याच्या वरच्या काठावर आणि त्याच्या वर अर्धा इंच सालीवर पातळ हात फिरवा, एवढंच. जास्त लावली की जास्त मुळं येतात असं नाही, उलट जास्त झालं तर मुळं फुटणंच दबतं.

कोरफडीचा गर, मध, दालचिनी असले उपाय बरेच जण सांगतात. पेरू-लिंबू सारख्या सोप्या झाडाला पावडर न लावताही मुळं येतात, म्हणून कोरफडीने आल्यासारखी वाटतात. चिकूसारख्या अवघड झाडावर तिचा भरवसा धरू नका.

पायरी ५. मॉस

मॉस आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायचं. बांधताना मूठभर घ्या आणि पिळा, जोर लावून पिळा. थेंब पडायचा पूर्ण बंद झाला पाहिजे, हाताला फक्त गार ओल लागली पाहिजे. पश्चिम भागातल्यांनी हे वाक्य परत वाचा, कारण ठिबकणारं मॉस बांधलं की वरून पाऊस, आतून पाणी, पंधरा दिवसांत वास येतो.

पिळलेला गोळा दोन भाग करून कड्याच्या दोन्ही बाजूंनी दाबून बसवा, वरचा काठ गोळ्याच्या मधोमध यायला हवा. कडं मॉसच्या वरच्या टोकाला आलं तर मुळं बाहेर प्लॅस्टिकला लागून वाळतात.

पायरी ६. बांधणी, ज्यात दोन तऱ्हा आहेत

प्लॅस्टिक गोळ्याभोवती घट्ट गुंडाळा, जोड खालच्या बाजूला येऊ द्या. वरची गाठ मॉसच्या वर, उघड्या सालीवर, गच्च आवळा. फांदी उभी असली की पावसाचं पाणी सालीवरून ओघळत सरळ ह्या गाठीत शिरतं, म्हणून गाठीवरून काळी टेप दोन वेढे मारून घ्या.

बेळगाव-खानापूर पश्चिम पट्टा: खालची गाठ जरा सैल, आणि पिशवीच्या अगदी तळाला सुईने दोन बारीक भोकं. शिरलेलं पाणी उतरून गेलं पाहिजे. वरून पाणी घालायचं नाही, कधीच.

अथणी, रायबाग, सौंदत्तीकडं: दोन्ही गाठी गच्च, भोकं नाहीत. तीन आठवड्यांनी पिशवी हातात धरून वजन बघा, हलकी लागली आणि मॉस फिकट दिसलं तरच सिरिंजने थोडं पाणी, आणि भोकावर टेप.

दोन्हीकडं वरून पेपरचा एक वेढा आणि दोरी. उजेड लागला की आत हिरवं शेवाळ धरतं, ऊन लागलं की गोळा तापतो, आणि चमकणारं प्लॅस्टिक कावळे-साळुंक्या टोचून फाडतात. पेपर पावसाने गळून गेला तर नवीन लावा. फांदी बारीक असेल तर शेजारच्या फांदीला सैलसर बांधून ठेवा, ओला गोळा जड असतो, वारं सुटलं की बरोबर कड्यावर मोडतं.

सावधान: पिशवीत मुंगळे घुसले तर ते मॉस भुरभुरीत करून टाकतात. खोडाला बुडाशी ग्रीस लावलेल्या पेपरची पट्टी बांधली की चढत नाहीत, ग्रीस सालीला थेट लावू नका.

पायरी ७. वाट बघा, आणि कधी तोडायची

पेरू, लिंबू, डाळिंब दीड ते दोन महिने. म्हणजे बेंदराला बांधलेली गणपतीच्या आसपास. पेपर बाजूला करून बघायचं, प्लॅस्टिक सोडायचं नाही.

पहिल्यांदा पांढरी, जाडसर, ठिसूळ मुळं दिसतात. इथंच लोक आनंदाने कात्री लावतात आणि रोप चार दिवसांत माना टाकतं. पांढऱ्या मुळांना अजून पाणी ओढता येईल एवढ्या बारीक फांद्या फुटलेल्या नसतात. मुळं पिवळट-तपकिरी व्हायला लागली, गोळ्याच्या तिन्ही-चारी बाजूंनी दिसायला लागली, बारीक मुळं फुटली, मग तयार.

एकदम तोडू नका. पहिल्या दिवशी पिशवीच्या खालच्या बाजूला फांदी अर्ध्यापर्यंत काप द्या, आठ-दहा दिवस तशीच झाडावर राहू द्या. ह्या काळात पानं कोमेजली नाहीत तर समजा मुळं काम करतायत, मग पूर्ण तोडा. कोमेजली तर पिशवी सोडू नका, अजून तीन आठवडे ठेवा, अर्धी जोडलेली आहे त्यामुळे मरत नाही.

मुळं नाहीतच दिसली तर? दोन महिने झाल्यावर एकदाच सोडून बघा:

कड्यावर नवीन साल आलेली आहे, तर परत कडं काढा, नीट खरवडा, वेळ उरला असेल तर परत बांधा. वरच्या काठावर पांढरट गाठी गाठी झाल्यात पण मुळं नाहीत, तर काही बिघडलेलं नाही, मॉस परत दाबून बांधा, मुळं येणार आहेत. मॉस काळं आणि वास मारतंय, तर फांदी कड्याच्या खाली लगेच छाटून टाका, परत प्रयत्न पुढच्या वर्षी. मॉस कोरडं खडखडीत पण फांदी हिरवी, तर भिजवलेलं नवीन मॉस घालून वरची गाठ नीट करा.

पायरी ८. पिशवीत लावा

सकाळी किंवा ढगाळ दिवशी तोडा, दुपारी नको. तोडलं की निम्मी पानं कात्रीने कापा, मोठ्या पानांचे अर्धे तुकडे ठेवले तरी चालतात. सगळी पानं ओरबाडू नका. प्लॅस्टिक अलगद काढा, मॉस मात्र अजिबात सोडवू नका, मॉससकट लावायचं. मॉस धुऊन, मुळं मोकळी करून लावणारे लोक बघितलेत, ती रोपं वाचत नाहीत.

६ बाय ८ इंचाची काळी पिशवी, खाली-बाजूला भोकं. माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक, वाळू एक. काळी माती असेल तर वाळू वाढवा. मुळांचा गोळा मातीच्या वरच्या थरापासून दोन बोटं खाली बसू द्या, भोवतीने माती टाका, अंगठ्याने दाबायची नाही, पाणी घातलं की आपोआप बसते. लगेच एक बारीक काठी रोवून सैल बांधा, रोप हललं की मुळं तुटतात.

तीन-चार आठवडे शेडनेटखाली किंवा दाट झाडाखाली. पत्र्याच्या पागोळीखाली ठेवू नका, वरून पडणाऱ्या धारेने माती उसवून मुळं उघडी पडतात. युरिया वगैरे काही नाही, नवीन पालवी दोन-चार पानांची झाली की मग हळूहळू सकाळच्या उन्हात आणा.

जमिनीत? पाण्याची सोय असेल तर ऑक्टोबरात, नाहीतर पुढच्या मिरगाला. पावसावर अवलंबून असणाऱ्यांनी पुढच्या मिरगापर्यंत थांबा, तोवर मोठ्या पिशवीत बदला.

दाब कलम: मोगरा, जाई, जुई, बोगनवेल

ह्यात फांदी मातीतच मुळं धरते, त्यामुळे मॉस, प्लॅस्टिक काही लागत नाही.

१. जमिनीजवळची, लवचिक, एक वर्षाची फांदी हळूच वाकवून कुठं टेकते ते बघा. शेंडा किमान एक वीत बाहेर राहायला पाहिजे.

२. टेकते तिथं चार बोटं खोल चर काढा, जड माती असेल तर वाळू-शेणखत मिसळून भरा.

३. फांदीच्या खालच्या बाजूला पेराखाली दीड इंच तिरकी चीर द्या, जाडीच्या अर्ध्यापेक्षा कमी. चिरेत काडेपेटीची काडी अडकवा, म्हणजे ती मिटत नाही. चिरेला थोडी पावडर.

४. चरात बसवा, तारेचा किंवा बांबूचा आकडा रोवून अडकवा, माती टाका आणि वर एक वीट ठेवा. विटेमुळे फांदी उसळत नाही आणि खाली ओल राहते.

५. शेंडा वर वळवून काठीला बांधा.

दोन ते अडीच महिन्यांनी शेंड्याला नवीन फूट दिसली की मूळ झाडाकडच्या बाजूने फांदी तोडा. आणि लगेच उपटू नका! हीच चूक सगळे करतात. तोडून तिथंच वीस दिवस राहू द्या, स्वतःच्या मुळांवर उभी राहते का बघा, मग मातीच्या गोळ्यासकट काढा.

सावधान: जिथं पाणी तुंबतं तिथं चर काढू नका. पश्चिमेला जमीन सपाट असेल तर चर न काढता मातीचा उंचवटा करून त्यात दाबा.

लांब वेल असेल, मधुमालती, जुई किंवा सुपारीच्या बागेतली मिरी, तर एकाच वेलाला नागमोडी दाबता येतं. एक पेर मातीत, एक बाहेर, परत एक आत. बाहेरच्या पेराला एक तरी डोळा असलाच पाहिजे, नाहीतर मुळं येतील पण फूट कुठून येणार? मिरीला ह्यासाठी जमिनीवर पळणारे वेल घ्या, पेराखाली मातीच्या छोट्या पिशव्या ठेवत जा आणि नारळाच्या हिराचा आकडा करून पेर पिशवीत टोचून ठेवा. मुळं धरली की पिशव्यांच्या मधून वेल तोडायचा. चढणारा मुख्य वेल खाली ओढू नका.

जाता जाता, बेळगुंदी-उचगावकडं रताळी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, त्यांच्याकडं वेल पेरापेराला आपणहून मूळ धरतो आणि तिथं ते नको असतं, कारण पोषण त्या फुटकळ मुळांत वाटलं जातं. म्हणून ते वेल उचलून परतवतात. मोगऱ्याला जे मुद्दाम करतो ते रताळ्यात मोडून काढायचं.

पेरूला मातीची भर

बरीच रोपं पाहिजेत आणि एखादं चांगल्या जातीचं पण वेडंवाकडं वाढलेलं पेरूचं झाड आहे तर हे करा. अट एकच, ते झाड दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधलेलं कलम असेल तर हे चालणार नाही, बुडातून खुंटाची फूट येईल. गुटीचंच पाहिजे.

मार्चमध्ये झाड जमिनीपासून अर्धा फुटावर कापा. उन्हाळ्यात पाणी देत राहिलं की बुडातून धुमारे फुटतात. जूनमध्ये ते पेन्सिलीएवढे झाले की प्रत्येकाच्या बुडाशी गुटीसारखंच कडं काढा, खरवडा, पावडर लावा आणि त्यावर भुसभुशीत मातीची भर घाला, कडं झाकून वर वीतभर माती आली पाहिजे. पावसाने भर वाहून गेली की परत चढवत राहायचं, आपल्या पावसात हे काम पाच-सहा वेळा तरी करावं लागतं. सप्टेंबरात माती बाजूला करून मुळं आलेले धुमारे कड्याखाली कापून पिशवीत. एखादा धुमारा मात्र न कापता ठेवा, झाड जगलं पाहिजे.

मुनवे, पिल्लं आणि काश्या

केळी. बुडाला दोन तऱ्हेचे मुनवे येतात. अरुंद तलवारीसारखी पानं आणि बुडाला जाड कंद, हे घ्यायचे. रुंद पानांचे, बारीक कंदाचे पाणमुनवे दिसायला मोठे असतात म्हणून लोक तेच उचलतात, त्यांना घड लहान पडतो आणि उशीर होतो. साधारण तीन महिन्यांचा, अर्धा ते पाऊण किलोचा कंद बघा. कुदळीने मूळ झाडाच्या बाजूने कापून काढा, जुनी मुळं छाटा, कंद वरवर सोलून बघा, आत बोगदे किंवा काळे डाग दिसले तर टाकून द्या, सोंडकिडा किंवा सूत्रकृमी असतो. ज्या झाडाची पानं वर आखडून झुबक्यासारखी झालीत तो पर्णगुच्छ, त्या खुंटाचा एकही मुनवा घेऊ नका, जवारी जात असली आणि दुसरीकडं मिळत नसली तरी नको. तो खुंट उपटून नष्ट करायचा.

कढीपत्ता. पिल्लू ओढून काढलं की मुळं तुटून हातात नुसती काडी येते. आधी मातीत कुदळ घालून झाड आणि पिल्लू ह्यांना जोडणारं मूळ तोडा, तीन आठवडे तिथंच ठेवा, त्याला स्वतःची बारीक मुळं फुटली की मग पावसात काढा.

शेवंती. फुलं संपली की झाड जमिनीपासून चार बोटांवर छाटा, बुडातून येणाऱ्या काश्या मुळांसकट वेगळ्या करून सावलीत वाफ्यात लावा. जुन्या ठोंबाचा वठलेला मधला भाग लावू नका, बाहेरच्या काश्याच घ्या.

शेवटचं काम, नावं लिहा. पंधरा पिशव्या ओळीने ठेवल्या की सरदार कुठला आणि जवारी कुठला हे महिन्याभरात कुणालाच सांगता येत नाही, आणि स्केच पेनने लिहिलेलं आपल्या पावसात आठ दिवस टिकत नाही. कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कापून त्यावर खिळ्याने नाव आणि बांधल्याची तारीख कोरा, तारेने काठीला अडकवा. रोपाच्या खोडाला तार बांधू नका, खोड जाड झालं की तार आत रुतते.